झाकणाच्या आतला नंबर

दुकानात कोणी नवा फोन घ्यायला आलं की आमच्याकडचे बाकीचे सगळे विचारतात, "बजेट किती?" मी हात पुढे करते आणि म्हणते, "जुना फोन बघू."

गिऱ्हाइकाला वाटतं, एक्स्चेंजमध्ये किती भाव येईल ते बघायला मागतेय. तेही बघायचं असतंच, पण ते शेवटी. आधी मी तो फोन नुसता हातात धरते. कोणत्या कोपऱ्यावर पडलाय, काच कुठे तडकली आहे, अक्षरं केवढी मोठी करून ठेवली आहेत, चार्जिंगच्या भोकात काय साचलंय. भोकात कणीक असते, माती असते, कधी द्राक्षबागेत मारतात त्या गंधकाची पिवळी भुकटी असते. कव्हरच्या मागे बसचा पास, मुलाचा फोटो, अंगाऱ्याची पुडी. अशी पाच मिनिटं मिळाली की या माणसाला कोणता फोन लागेल हे मला बऱ्यापैकी कळतं. त्याने तोंड उघडलं नाही तरी चालतं, आणि मुख्य म्हणजे मलाही उघडावं लागत नाही.

कारण मुळात मी या धंद्याला चुकीची मुलगी.

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर मोबाइलची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. त्यातल्या एका दुकानात पाच वर्षांपूर्वी, बी.कॉम.च्या निकालाची वाट बघताना, मी दोन महिन्यांसाठी म्हणून काउंटरमागे उभी राहिले ती अजून उभीच आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, स्वभाव घुमा. पहिल्याच आठवड्यात एका काकांनी "साडेअठ्ठावीसपर्यंतचा दाखव" म्हटलं आणि मी साडेअडतीसचा फोन काढून त्यांच्यापुढे ठेवला. मराठी आकडे विसाच्या पुढे माझ्यासाठी धुक्यात जायचे. तेव्हापासून आमचे शेठ मला 'मॅडम' म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती, ते मी मोजायला गेले नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षी आईसमोर उभी राहून एकवीस ते नव्व्याण्णव पाठ केले. आई भाजी निवडता निवडता मधूनच "एकोणसाठ?" असं विचारायची आणि मी "पाच-नऊ" म्हणून उत्तर द्यायचे.

फोन निवडणं कंपन्यांनी उगाच अवघड करून ठेवलं आहे. पोस्टरवर इतके आकडे असतात की शिकलेला माणूससुद्धा गांगरतो आणि शेवटी शेजाऱ्याने घेतला तोच घेतो. मी एवढंच सांगते की रॅम म्हणजे ओटा आणि स्टोरेज म्हणजे फडताळ. ओटा मोठा असेल तर एका वेळी चार कामं निघतात, फडताळ मोठं असेल तर जास्त डबे मावतात. पण घरात खाणारी दोनच माणसं असतील तर लग्नघराचा ओटा कशाला बांधायचा? हे सांगितल्यावर बायका लगेच मान हलवतात. पुरुष म्हणतात, "पण प्रोसेसर कोणता?"

निफाडकडचा एक तरुण बागाईतदार एकदा अगदी नाव-नंबर ठरवून आला होता. इंटरनेटवर दहा-बारा व्हिडिओ बघितलेले. फक्त पैसे द्यायचे बाकी होते. त्याचा जुना फोन हातात घेतला तर उजेड शेवटपर्यंत वाढवलेला, आणि डोळ्यांवर हाताची सावली धरून वाचायची त्याची सवय, जी दुकानातही सुटत नव्हती. मी त्याला हवा होता तो फोन आणि आणखी दोन उचलले आणि सरळ फुटपाथवर जाऊन भर दुपारच्या उन्हात उभी राहिले. तो मागोमाग आला. तिन्ही फोनवर एकच हवामानाचा अंदाज उघडला. त्याने ठरवून ठेवलेल्या फोनवर त्याला स्वतःचा चेहरा तेवढा दिसला. "आयला," तो म्हणाला, "हा तर आरसा हाय." त्याने दुसरा घेतला. त्या दिवसापासून शेतकरी गिऱ्हाईक असलं की फोन आधी उन्हात न्यायचा, हा आमच्या दुकानाचा नियम झाला.

दुसरा नियम कुंकवाचा. आमच्याकडे नवा फोन घरी गेला की आधी देवापुढे जातो. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. दसरा उलटला की तिसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं यायला लागतात: आवाज दबका येतो, समोरच्याला ऐकू जात नाही. बारीक ब्रश घेऊन बसावं, तर स्पीकरच्या जाळीतून लालभडक कुंकू निघतं. काहींनी ते ओल्या फडक्याने पुसलेलं असतं, म्हणजे आत त्याचा गंध तयार. म्हणून सणाच्या दिवसांत मी फोन देतानाच भोकांवर चिकटपट्टी लावते आणि सांगते, पूजा झाली की काढा. एका आजोबांनी ती सहा महिने काढली नाही. फोनचा आवाज कमी आहे अशी तक्रार मात्र दर महिन्याला न चुकता केली.

हे सगळं मला आवडतं. दसऱ्याच्या आठवड्यात रस्ता फुलून जातो, दुकानापुढे उभं राहायला जागा नसते, आणि कोणीतरी पहिल्यांदाच स्वतःच्या पसंतीने घेतलेल्या फोनवरचा पातळ कागद सोलत असतं. तो कागद सोलताना जो बारीक आवाज येतो, तो ऐकायला आजूबाजूची अनोळखी माणसंही मान वळवतात. मी तो हजारदा ऐकला असेल. अजून दर वेळी हातातलं काम थांबवते.

पण मला सांगायचंय ते सिंधूमावशींबद्दल. त्यांना कोणता फोन द्यायचा हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, आणि तरी मी चुकीचा दिला.

सिंधूमावशी मखमलाबादच्या. घरची फुलशेती, मुख्य पीक झेंडू. दोन वर्षांपूर्वी त्या मुलाबरोबर, संतोषबरोबर आल्या. फोन मावशींसाठी होता, पण बोलत होता संतोष. कॅमेरा भारी पाहिजे, काचेवर अंगठा टेकवला की उघडणारा पाहिजे, आईला नंबर टाकायचा त्रास नको. मावशी हात पदराखाली घेऊन उभ्या होत्या. मी जुना फोन मागितला तेव्हा हात बाहेर आला. अंगठा आणि पहिली दोन बोटं हिरवट काळी, कातडी चिरलेली, टोकं गुळगुळीत. वर्षानुवर्षं झेंडू तोडणाऱ्या हातांची बोटं अशी होतात. मला ते त्या दिवशी नव्याने दिसलं, पण त्याचा अर्थ लगेच कळला. फोन अंगठ्यावरच्या बारीक रेषा वाचतो. इथे वाचायला रेषाच उरल्या नव्हत्या.

नोंदवायला बसले तर उजवा अंगठा लागेना, डावा लागेना. शेवटी डाव्या हाताची करंगळी कशीबशी लागली. संतोष म्हणाला, "झालं ना ताई? द्या मग." त्याच वेळी मी म्हणायला हवं होतं की हा फोन यांच्या कामाचा नाही. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. पण तो घाईत होता, शेठ बिल फाडत होते, आणि मी मी होते. मी खोकं पुढे ओढलं.

फोनला अंगठ्याबरोबर एक चार आकडी नंबरही लागतो. अधूनमधून फोन तोच मागतो. मावशी म्हणाल्या, "तूच टाक काहीतरी." मी टाकला, आणि सवयीप्रमाणे खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवून त्यावर लिहून ठेवला. याला सुरक्षितता म्हणत नाहीत हे मला माहीत आहे, आणि आता मी तसं करतही नाही. पण तेव्हा माझा हिशेब साधा होता. लोक बिल हरवतात, वॉरंटीचं कार्ड हरवतात, पण फोनचं खोकं आपल्याकडे कोणी टाकत नाही.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शटर उघडून झाडलोट होतेय तोच सिंधूमावशी एकट्या आल्या. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. तो काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "पोरी, हा बदलून दे. हा मला वळखत नाय."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो तसाच ठेवून हकिकत सांगितली. आजवर दसऱ्याच्या ऑर्डरी संतोष घ्यायचा. या वर्षी मावशींनी सांगितलं होतं, मांडववाल्यांशी आणि हारवाल्यांशी मी बोलणार. शेत माझं, फुलं मी तोडते, मग बोलणं तुझं का? संतोष हसला होता. म्हणाला, आई, तुला फोन उघडता येत नाही, तू काय ऑर्डरी घेतेस. तरी त्यांनी घेतल्या. वाचता फारसं येत नाही, म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की लिहू नका, बोलून पाठवा. चार दिवस माणसं बोलून पाठवत होती. कोणाला किती किलो, केशरी की पिवळा, कुठे आणि कधी. ते सगळं या फोनमध्ये होतं.

आणि आज पहाटे करंगळीही लागेना. पाच-सहा वेळा दाबल्यावर फोनने नंबर मागितला. तो नेहमी संतोषच टाकायचा. संतोष फुलांचा टेम्पो घेऊन कल्याणला गेलेला. माल उतरवताना फोन गाडीतच ठेवायची त्याची सवय, त्यामुळे सुनेच्या फोनवरून लावलं तरी नुसती रिंग जात होती.

"दुपारच्या आत तोडणाऱ्या बायांना सांगावं लागतंय किती तोडायचं ते," मावशी म्हणाल्या. "जास्त तोडलं तर सडतंय. कमी तोडलं तर पुढल्या साली कोण मला इचारतंय?" मग म्हणाल्या, "आन् संतोष म्हणंल, बघ, म्हणलं नव्हतं?"

हे शेवटचं त्या काचेकडे बघत बोलल्या.

शेठ बाजूलाच होते. त्यांनी फोन उलटापालटा केला. त्या आठवड्यात आम्हाला एक मॉडेल खपवायचं होतं, कंपनीने ठरवून दिलेल्या संख्येला दोन कमी पडत होते. शेठ मला म्हणाले, "मॅडम, रिसेट मारा आणि मावशींना नवीन काढून द्या. जुना एक्स्चेंजला घ्या."

रिसेट म्हणजे फोन पार धुऊन पुसून कोरा करणं. फोन उघडतो, पण आतलं काही राहत नाही. ऑर्डरी, आवाज, माणसांचे नंबर, सगळं जातं. दुसरीकडे कुठे जपून ठेवलं जावं अशी सोय मी विकताना करून दिली नव्हती. तीही माझीच चूक. शेठना एवढं माहीत नव्हतं. माहीत नसताना त्यांनी बरोबरच सांगितलं होतं.

मी म्हणाले, "नाही."

पाच वर्षांत शेठना मी हा शब्द पहिल्यांदा ऐकवला असेन. तो मला वाटला त्यापेक्षा मोठ्याने आला. झाडणारा मुलगाही थबकला.

मग मी मावशींना विचारलं, "याचं खोकं आहे का घरी?"

"हाय की," त्या म्हणाल्या. "त्यात बी ठेवलंय."

झेंडूचं बी. पुढच्या हंगामासाठी चांगली फुलं वाळवून काढलेलं. आणि नीट ठेवायला फोनच्या खोक्याइतकी कोरडी, घट्ट वस्तू दुसरी कोणती? मी माझ्या फोनवरून त्यांच्या सुनेला, ज्योतीला, फोन लावला. तिचा नंबर एक्स्चेंजच्या जुन्या अर्जावर दुसरा नंबर म्हणून लिहिलेला सापडला. खोक्याच्या झाकणात काय लिहिलंय ते बघायला सांगितलं, तर ती म्हणाली, झाकण भरलेलं आहे. खालच्या खोक्यात केशरी झेंडूचं बी, झाकणात पिवळ्याचं. मिसळलं तर सासूबाई घराबाहेर काढतील.

मावशींनी फोन माझ्या हातातून घेतला. "परात घे," त्या म्हणाल्या. "पिवळं परातीत वत. आन् पंखा बंद कर आधी."

झेंडूचं बी म्हणजे काळ्या-पांढऱ्या बारीक काड्या, फुंकरीनेही उडतात. आम्ही तिघं काउंटरवर वाकून परातीत बी ओतल्याचा आवाज ऐकत उभे. शेठही. मग ज्योती म्हणाली, चिठ्ठी आहे, शाई जरा उतरलीये, पण वाचता येतंय. आणि तिने नंबर वाचला: "सत्तेचाळीस, एकोणसाठ."

आई, भाजी, एकोणसाठ. मी मनातल्या मनात एकदा, मग हळू आवाजात एकदा म्हटलं आणि टाकला. चार, सात, पाच, नऊ.

फोन उघडला.

मावशींनी आधी फोनला हात लावून तो कपाळाला लावला, मग मला म्हणाल्या, "वाजव." दुकानात तोवर तीन-चार गिऱ्हाइकं आली होती. पहिला आवाज आला: मावशी, पंचवटीत द्यायचेत, केशरी पन्नास किलो, संध्याकाळी गाडी पाठवतो. दुसरा. तिसरा. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या आणि बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवत होत्या. हिरवट काळा, चिरलेला तोच अंगठा, जो फोनला वाचता येत नव्हता. चौदा आवाज होते. एकही परत वाजवायला सांगितला नाही. संपल्यावर ज्योतीला फोनवरच सांगितलं, कोणत्या वाफ्यात किती बाया लावायच्या.

आणि तेव्हा, अगदी तेव्हा, संतोषचा फोन आला. मावशींनी उचलला. "काय नाय रे," म्हणाल्या, "तू माल उतरव."

त्यानंतर त्या माझ्याकडे वळल्या. "आता दाखव नवीन. यापेक्षा भारी."

शेठनी ते मॉडेल काढूनही ठेवलं होतं. चकचकीत, निळसर. मी त्याच्याकडे बघितलं, मावशींच्या हाताकडे बघितलं, आणि दोन वर्षांपूर्वी तोंडापर्यंत येऊन परत गेलेलं वाक्य या वेळी बाहेर आलं.

"मावशी, नव्या फोनलाही तुमचा अंगठा कळणार नाही. या जुन्याला काही झालेलं नाही. चूक माझी आहे, मी तेव्हा सांगायला हवं होतं."

"रेशनच्या मशीनवर बी नाय उमटत माझा," त्या म्हणाल्या. "रेशनवाला म्हनतो, मावशी, तुमी हायच का?"

मी त्यांचा जुना फोन घेऊन अंगठा काढून टाकला, नंबर काढून टाकला आणि त्या जागी नक्षीचं कुलूप लावलं. पडद्यावर नऊ ठिपके येतात, तीनच्या तीन ओळी. बोटाने ते आपल्या मनातल्या आकारात जोडायचे. जोडलेला आकार बरोबर असला की फोन उघडतो. त्याला रेषा लागत नाहीत, अक्षरं लागत नाहीत, आकडे लागत नाहीत.

मावशींनी ठिपके बघितले. "हे तर रांगोळीचं हाय," त्या म्हणाल्या, आणि मी काही शिकवायच्या आत बोट टेकवलं. मी मान वळवली. वळवायची असते. तो आकार कोणता होता ते मला आजही माहीत नाही. संतोषलाही माहीत नसेल अशी आशा आहे.

मी चार्जिंगचं भोक टाचणीने साफ केलं, आवाज पूर्ण वाढवला, जपून ठेवायची सोय सुरू केली. त्यांनी फोन तीनदा बंद करून तीनदा उघडला. तिसऱ्यांदा हसल्या. मग पिशवी तिथेच टाकून, फोन हातात उघडा धरून, रस्ता ओलांडून गेल्या.

शेठ निळसर फोन परत कपाटात ठेवत म्हणाले, "मॅडम, दसऱ्याला फोन न विकल्याबद्दल कंपनी बक्षीस देते का, जरा विचारून सांगा." मी म्हटलं, विचारते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर शटरला केशरी झेंडूचं जाडजूड तोरण बांधलेलं होतं. शेठनी ते वर हात करून चाचपलं, एक फूल तोडून गल्ल्यावर ठेवलं. त्या मॉडेलचे दोन मात्र कमीच पडले.

हे मी लिहिणार नव्हते. पण संक्रांतीनंतर एका दुपारी दुकानाबाहेर रिक्षा थांबली आणि आतून सिंधूमावशी उतरल्या. मागून आणखी चार बायका. सगळ्या मखमलाबादकडच्या, कोणी फुलांच्या, कोणी भाजीच्या. मुलांचे, नवऱ्यांचे उतरलेले फोन वापरणाऱ्या. प्रत्येकीला आता स्वतःच्या पसंतीचा घ्यायचा होता. शेठनी उठून पंखा लावला.

मी सवयीने हात पुढे करून "जुना फोन बघू" म्हणणार, तेवढ्यात सिंधूमावशींनी मला थांबवलं. बाकीच्या चौघींकडे वळून त्यांनी मान हलवली. चौघींनी आपापले हात काचेच्या काउंटरवर ठेवले, तळवे वर करून. मेथीने हिरवे, कांद्याने चिरलेले, बांगड्यांसकट.

"आधी अंगठे बघ," मावशी म्हणाल्या. "मग फोन काढ."

काउंटरच्या पलीकडच्या माणसाला मी कधी हात लावत नाही. त्या दिवशी वाकले, आणि पहिला हात हातात घेऊन उजेडाकडे धरला.